वेड्या राघूचं शहाणपण

पक्ष्याला नाव ठेवता ठेवता आपण त्याला नावं ठेवून मोकळे झालो, असं एका पक्ष्याच्या बाबतीत तरी खात्रीनं म्हणता येईल. तो म्हणजे वेडा राघू. चणीनं चिमणीएवढाच, हिरवागार, डोळ्यांतून काजळाची रेघ ओढल्यासारखी काळी पट्टी आणि शेपटीच्या मधोमध तारेसारखी बारीक, लांब पिसं. विजेच्या तारेवर बसलेला असतो. मध्येच झेप घेतो, हवेत गिरकी मारून माशी नाहीतर मधमाशी टिपतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. मधमाशी असेल तर तिला तारेवर आपटून आपटून तिची नांगी निकामी करतो आणि मगच गिळतो. इतका हिशेबी पक्षी! पण सारखा तिथल्या तिथे घिरट्या घालतो म्हणूनच की काय, आपण त्याला वेडा ठरवून टाकलं.

आमच्या शेळगावच्या बाजूला हे राघू भरपूर. इंदापूर तालुक्यातलं हे गाव तसं दोन मुलखांच्या वेशीवर आहे. एकीकडे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस, दुसरीकडे कडबनवाडीचं कोरडं माळरान. वेड्या राघूला दोन्ही चालतं. उन्हाळ्याच्या तोंडाला तो ओढ्याच्या दरडीत, मातीच्या ढिगात, शेताच्या तालीत बोगदा खणतो. हातभर, कधी त्याहून लांब. त्याच्या टोकाशी अंडी. नर-मादी दोघंही पिल्लांना भरवतात. पण घराचं तोंड असं उघड्यावर, जमिनीलगत. साप, मुंगूस, कावळा, मांजर, कुणीही जरा पाळत ठेवली की पत्ता लागलाच. मग एवढासा जीव आपली पिल्लं सांभाळतो कशी?

या प्रश्नाचं एक फार सुंदर उत्तर आपल्या पुण्यातच मिळालं आहे. डॉ. मिलिंद वाटवे तेव्हा पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात शिकवत. पुढे ते पुण्याच्याच 'आयसर'मध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी वेड्या राघूच्या घरट्यांवर प्रयोग केले. आधी १९९९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात आणि मग २००२ मध्ये 'अ‍ॅनिमल कॉग्निशन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले.

प्रयोग तसा अगदी साधा. राघू चोचीत किडा घेऊन आला आणि घरट्याजवळ माणूस उभा दिसला तर तो आत जात नाही. जवळच्या फांदीवर किडा तसाच धरून बसून राहतो. आत गेलो तर याला पत्ता कळेल, ही भीती. इथवर कुणालाही दिसण्यासारखं आहे. संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला. तो माणूस जवळ आहे म्हणून राघू थांबतो, की त्या माणसाला घरटं दिसतंय म्हणून? मग त्यांनी माणसाला आळीपाळीनं दोन जागी उभं केलं. दोन्ही जागा घरट्यापासून साधारण सारख्याच अंतरावर. फरक इतकाच, की एका जागेवरून घरट्याचं तोंड दिसायचं, दुसऱ्या जागेवरून आडोशामुळे दिसायचं नाही. राघूला मात्र दोन्ही वेळा माणूस दिसत होता.

आणि झालं असं, की माणसाला घरटं दिसत नाही अशा जागी तो उभा असला की राघू जास्त वेळा आत जायचा. पुढच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. माणसाची नजर घरट्यावरून किती बाजूला वळलेली आहे, याचाही राघूच्या वागण्याशी संबंध होता. म्हणजे हा 'वेडा' पक्षी समोरच्याला आपलं घर दिसतंय की नाही, हे जणू त्याच्या जागेवर जाऊन बघत होता! लहान मूल स्वतःचे डोळे हातांनी झाकतं आणि म्हणतं, "मी तुला दिसत नाही." दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणं आपल्या बाळांनाही एकदम जमत नाही. दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधता येतो का, हा प्रश्न तोवर मुख्यतः चिंपांझीसारख्या प्राण्यांबद्दल विचारला जात होता. पुण्याच्या संशोधकांनी तो एका मूठभर पक्ष्याबद्दल विचारला. अर्थात राघू आपल्यासारखाच 'विचार' करतो असा दावा कुणी केला नाही. सगळे राघू सारखे वागले असंही नाही, काही जास्त चलाख निघाले. समोरच्याला काय दिसतं यावर त्यांचं वागणं ठरतं, एवढं मात्र नक्की दिसलं.

मला या प्रयोगाचं अप्रूप वाटतं ते आणखी एका कारणासाठी. असला प्रयोग करून बघायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. डोळे, घड्याळ, वही आणि एका जागी तासन्‌तास उभं राहायची चिकाटी एवढं असलं की सुरुवात होते. मी शेळगावात राहते आणि जवळच्याच एका ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुली वाड्यावस्त्यांवरून येतात. जीवशास्त्र म्हणजे बरणीतला बेडूक आणि जर्नलमधल्या आकृत्या, अशी त्यांची पक्की समजूत असते. त्यांना पुस्तकातला जिराफ माहीत असतो, बांधावरची टिटवी मात्र 'सिलॅबस'मध्ये नसते. म्हणून दरवर्षी फेब्रुवारीनंतर मी वर्गाला वेड्या राघूची गोष्ट सांगते आणि एक रिकामी वही घालायला सांगते. रोज दहा मिनिटं, एकच प्राणी, आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. 'मला वाटतं' वेगळ्या पानावर.

पहिल्या आठवड्यात वह्यांमध्ये 'पक्षी छान होता' असली वाक्यं येतात. हळूहळू नजर बसते. एका मुलीनं लिहिलं होतं, "मी कपडे धूत होते. राघू तारेवर थांबला. मी पाठ केली की आत गेला." मी वर्गात विचारलं, "तू पाठ केलीस म्हणून गेला, की पिल्लू फार ओरडायला लागलं म्हणून गेला?" ती गप्प. दुसरी म्हणाली, "मॅडम, मग तिनं एकदा पाठ करून आन् एकदा तोंड करून, दोन्ही बघायला पाहिजे. तेवढाच वेळ. तेवढ्याच लांबून." कंट्रोल म्हणजे काय, हे मी फळ्यावर कितीदा लिहून दिलं असेल! त्या दिवशी वर्गानं ते स्वतःहून सांगितलं. एक अट मात्र मी घालते. दहा मिनिटं झाली की तिथून निघायचं. आपण उभे आहोत तोवर आतली पिल्लं उपाशी असतात.

मुलींच्या वह्यांमध्ये राघूपेक्षा जास्त पानं असतात ती कुत्र्यांची. साहजिकच आहे. वस्तीवरून फाट्यापर्यंत चालत यायचं, तर वाटेत कुत्र्यांच्या दोन-तीन टोळ्या ठरलेल्या. कुणाच्या सायकलच्या मागे लागतात, कुणाचा डबा हुंगतात. कुत्र्याच्या भीतीनं लांबच्या वाटेनं येणाऱ्या मुली मला माहीत आहेत. म्हणून मग मी त्यांना दुसऱ्या एका प्राध्यापिकेची ओळख करून देते. डॉ. अनिंदिता भद्रा. कोलकात्याच्या आयसरमध्ये त्या जीवशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. आधी त्यांनी बेंगळुरूला गांधीलमाश्यांच्या राणीवर संशोधन केलं आणि २००९ पासून त्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करू लागल्या. आपण ज्यांना दगड मारून हाकलतो, त्या कुत्र्यांचा!

त्यांच्या गटाचा एक प्रयोग मुलींना फार आवडतो. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यासमोर झाकलेली दोन भांडी ठेवायची आणि माणसानं त्यातल्या एकाकडे बोट दाखवायचं. २०२० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. साधारण निम्मी कुत्री भांड्यांजवळ आलीच नाहीत, ती बावरलेली होती. जी आली, त्यातल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी बोट दाखवलेलं भांडंच निवडलं. कुणी शिकवलेलं नाही, पाळलेलं नाही, तरी त्यांना आपला हात वाचता येतो. दुसरा एक अभ्यास वाचून मात्र मुली गप्प होतात. २०१६ मध्ये याच गटानं दाखवलं, की रस्त्यावरच्या कुत्र्यांची पाचातली चार पिल्लं वयात येण्याआधीच मरतात, आणि त्या मृत्यूंमध्ये माणसाचा वाटा मोठा असतो. गाडीखाली येतात, मारली जातात, उचलून नेली जातात. तरीही कुत्री व्यायला जागा शोधते ती माणसांच्या घराजवळच. जीव घेणाराही माणूस आणि घास देणाराही माणूसच.

हे कळल्यावर कुत्र्याची भीती जाते का? नाही जात, आणि पूर्ण जाऊही नये. पण वागणं बदलतं. धावायचं नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही, हात उगारायचा नाही, उभं राहायचं आणि सावकाश बाजूला व्हायचं. पिल्लं घातलेल्या कुत्रीच्या जवळून जायचंच नाही. आणि चावलंच तर हळद-चुना न भरता जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून इंजेक्शन सुरू करायचं. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर उपाय नाही. हे शेवटचं वाक्य मी दरवर्षी दोनदा सांगते.

कुत्र्यांच्या नोंदींतून एक गोष्ट मुलींनी स्वतःच शोधली. टोळ्या कुठे असतात, हे त्यांनी गावाच्या नकाशावर टिंबं काढून दाखवलं. चिकनच्या दुकानामागे, मंगल कार्यालयाच्या उकिरड्यावर आणि मेलेली जनावरं टाकतात त्या ओढ्यापाशी. म्हणजे कुत्री कुठे राहणार हे आपण ठरवतो, आपल्या उष्ट्या-खरकट्यानं. आणि गोष्ट तिथेच थांबत नाही. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहेत, लांडगे आहेत, खोकड आहेत. वन विभागानं २०२४ मध्ये तिथे माळरानाची सफारीही सुरू केली. आमच्या उकिरड्यावर पोसलेली कुत्री तिथवर जातात, चिंकाऱ्याच्या मागे लागतात, आपले रोग लांडग्यांना देतात. पुणे परिसरातल्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या 'द ग्रासलँड्स ट्रस्ट'च्या कार्यकर्त्यांना एक वेगळ्याच रंगाचा प्राणी दिसला होता, तिथून हा शोध सुरू झाला. म्हणजे इथेही सुरुवात कुणाच्या तरी नीट बघण्यातूनच.

आता खरी गोष्ट. ज्यासाठी आज लिहायला बसले, ती.

अलीकडे आमच्या इंदापूर-बारामतीच्या उसातही बिबट्याची चर्चा असते. जुन्नर, आंबेगाव, शिरूरला हे नवं नाही, आम्हाला नवं आहे. मोबाइलवर फोटो फिरतो, तो कुठला, कधीचा, कुणी विचारत नाही. आणि मग पहिली टाच येते ती मुलींच्या शिक्षणावर. मागच्या वर्षी एका मुलीची आई कॉलेजात आली. मुलगी वर्गात हुशार, वही सर्वांत सुंदर तिचीच. आई म्हणाली, "मॅडम, साळा काय, पुढल्या वर्षी बी व्हईल. पोरगी गेली तर कुठनं आनू?"

या प्रश्नाला 'घाबरू नका हो' हे उत्तर नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचेही जीव गेले. ते त्या आईनं ऐकलेलं होतं. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हटलं, "ताई, तुमची भीती खोटी नाही. पण बिबट्या कसा वागतो, हे आपल्याला ठाऊक आहे का?" ती म्हणाली, "त्यो काय सांगून वागतोय व्हय?"

सांगत नाही, पण माग ठेवतो. आणि तो माग वाचणारी एक बाई आहे. डॉ. विद्या अत्रेय. जुन्नर आणि अकोले तालुक्यांत त्यांनी वर्षानुवर्षं बिबट्यांचा अभ्यास केला. त्यांचं काम पुष्कळांना माहीत आहे ते २०१४ च्या 'आजोबा' या मराठी सिनेमामुळे. त्यात ऊर्मिला मातोंडकरनं त्यांच्यावर बेतलेली भूमिका केली होती. खरा आजोबा म्हणजे २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला बिबट्या. त्याला गळ्यात यंत्र बांधून माळशेज घाटात सोडलं, तर हा पठ्ठ्या रस्ते, रेल्वे, खाडी ओलांडत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत कुणाला काही केलं नाही.

अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर भागातले जे आकडे मांडले, ते मी त्या आईला सोपं करून सांगितले. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मग बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडायची मोठी मोहीम सुरू झाली. आणि २००१ ते २००३ मध्ये हल्ले वर्षाला सरासरी १७ वर गेले. त्यात जीव जाण्याचं प्रमाणही दुपटीनं वाढलं. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात धडका देऊन जखमी आणि बिथरलेला प्राणी. त्याला ना तिथल्या वाटा ठाऊक, ना तिथल्या माणसांच्या वेळा. पकडून नेल्यानं पीडा टळत नाही, ती दुसऱ्याच्या दारात जाते आणि वाढते, असा त्या अभ्यासाचा अर्थ.

याउलट अकोल्याचं चित्र. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या तालुक्यात ऊस आहे, वस्त्या आहेत, मोठं रानटी सावज जवळजवळ नाही. तिथे कॅमेरे लावले तेव्हा १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे आढळले, आणि साधारण तेवढेच तरस! हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गळ्यात यंत्र बांधलेल्या बिबट्यांच्या हालचाली २०१४ मध्ये मांडल्या गेल्या. दिवसा ते घरांपासून दूर राहत आणि रात्री माणसांची वर्दळ थांबली की घरांच्या अगदी जवळून जात. म्हणजे आपण कधी उठतो, कधी निजतो, याचं वेळापत्रक त्यांना पाठ. राघूसारखंच, नजर कधी नसते ते त्यांनाही कळतं. आणि ते खात काय होते? २०१६ च्या अभ्यासानुसार त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्या गावात कुत्र्यांच्या सातपट, पण त्यांचा वाटा फक्त ११ टक्के. कारण शेळ्या रात्री गोठ्यात असतात आणि कुत्री उघड्यावर.

हे ऐकता ऐकता त्या मुलीनं आपल्या वहीतला कुत्र्यांचा नकाशा काढून आईपुढे धरला. चिकनच्या दुकानामागची टिंबं, आणि ती ज्या वाटेनं चालत येते ती वाट. वाट बरोबर त्या टिंबांवरून जात होती, आणि त्यातून येताना तिला व्हायची संध्याकाळ. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी आपनच त्याला जेवायला बोलावतोय की."

त्यानंतर जे झालं ते फार मोठं नाही. मुली आणि त्यांच्या आया मिळून ग्रामसभेला गेल्या. चिकनच्या कचऱ्यासाठी खड्डा करून तो मातीनं बुजवायचा, असं ठरलं. कधी पाळलं जातं, कधी नाही. वाटेवरच्या एका खांबावर दिवा लागला, दुसऱ्यावर अजून लागायचा आहे. आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची शेवटची बॅच संध्याकाळची होती, ती सकाळवर आणली. मुली आता एकेकट्या येत नाहीत, घोळक्यानं, मोठ्यानं बोलत येतात. गप्पा मारत चालल्याबद्दल ओरडा न खाण्याचं हे पहिलंच वर्ष, म्हणून खुशीतही असतात.

बायकांसाठी मात्र काही गोष्टी आणखी जपायला हव्यात. आपण खुरपायला वाकून बसतो, पहाटे नाहीतर अंधारात बाहेर जातो. ओणवं किंवा उकिडवं बसलेलं माणूस बिबट्याला माणसासारखं दिसत नाही, लहानशा जनावरासारखं दिसतं. म्हणून उसालगत एकटीनं खुरपायला बसू नये, सोबत असावी, बोलणं चालू असावं. घरात संडास असेल तर तो खरोखर वापरात असावा, त्यात गोवऱ्या भरलेल्या नसाव्यात. तिन्हीसांजेला पोरांना अंगणात एकटं सोडू नये. शेळ्यांचा गोठा वरून आणि चारी बाजूंनी बंद असावा. आणि ऊसतोडीला आलेल्या बायका, ज्यांची तान्ही मुलं उघड्यावर कोपीत निजतात, त्यांना हे सगळं आपणच जाऊन सांगायला हवं. त्या या गावच्या नसतात, ग्रामसभेला त्यांना कुणी बोलवत नाही.

ऊसतोडीचीच एक गोष्ट सांगून थांबते. जुन्नर भागात तोडणी चालू असताना फडात बिबट्याचे बछडे सापडतात. बायका ते कौतुकानं उचलतात, फोटो काढतात, क्वचित घरीही नेतात. आई त्यांना टाकून गेली, असं सर्वांना वाटतं. तशी ती गेलेली नसते. दिवसा माणसांसमोर ती येऊ शकत नाही, एवढंच. वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात काम करणारे डॉक्टर अशा बछड्यांना तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि माणसांना तिथून हटवतात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. अशी भेट तिथे कितीतरी वेळा घडून आली आहे. म्हणून आमच्याकडेही कधी बछडे दिसले तर हात लावायचा नाही, गर्दी करायची नाही, वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा आणि मागे सरायचं. वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, राघूसारखंच की! आपण बघायचं थांबलो की आई येते."

या सगळ्यातून बिबट्याचा प्रश्न सुटला, असं मी म्हणणार नाही. पिंजरा लावा म्हणून गावात दर पंधरा दिवसांनी कुणीतरी उठतं, आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्यापुढे माझे आकडे मांडायची माझीही हिंमत नाही. पण ज्याच्याशेजारी राहायचं त्याच्या सवयी ठाऊक असल्या तर आपल्या मुलीला घरात कोंडून ठेवणं हा एकच उपाय उरत नाही, एवढं मला त्या वह्यांनी दाखवलं. मैत्रिणींनो, तुमच्या खिडकीतूनही कुणीतरी दिसतच असेल. कबुतर, खार, पाल, कोपऱ्यावरची कुत्री. रोज दहा मिनिटं बघा. मुलांना सोबत घेऊन बघा, आणि जे दिसतं तेवढंच लिहा. ते आपल्याला केव्हापासून बघताहेत!

ती मुलगी यंदा बारावीला आहे. बी. एस्सी. करायचं म्हणते. तिच्या आईची भीती गेलेली नाही, ती अजूनही रोज फाट्यापर्यंत सोडायला येते. फक्त आता येताना इतर चार-पाच घरच्या पोरींनाही हाका मारत, सोबत घेऊन येते.